खडे मीठ कुठे गेले?

आमच्या तामलवाडीत पूर्वी किराणा दुकानाच्या दारातच खड्या मिठाचे पोते असे. लागेल तेवढे मीठ मापून मिळे. परवा लोणच्यासाठी खडे मीठ आणायला निघालो. चार दुकाने फिरलो. जो तो बारीक मिठाची पिशवी पुढे करी. रागच आला.

पण असे का झाले, ते ऐका. अन्नातून आयोडीन कमी मिळाले, तर गळा सुजतो. त्याला गलगंड म्हणतात. गरोदर बाईला ते फार कमी पडले, तर पोटातल्या मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते. मीठ तर गरीब-श्रीमंत सगळेच खातात. म्हणून मिठातच आयोडीन घालतात. खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकायला २००६ सालापासून देशभर बंदी आहे. उघडी पोती त्यामुळे मागे पडली.

मग लोणच्याचे काय? आयोडीनने लोणचे नासत नाही. चुकते ते माप. वाटीभर बारीक मीठ वाटीभर खड्यांपेक्षा वजनाला जास्त भरते. म्हणून मीठ तोलून घाला. खडे मीठ मिळालेच, तर पिशवीवर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द आहे का, ते पाहा. घरी बरणीचे झाकण घट्ट लावा. ओल लागली की आयोडीन कमी होते.

आता वाचता येते ना? मग मिठाची पिशवीही वाचूनच घ्या!