कम्युनिटी कॉलेजातली मदत कुणासाठी असते?

सनीवेल, क्युपर्टिनो, फ्रीमाँट या कॅलिफोर्नियातल्या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ आहेत. मुलाचं हायस्कूल संपत आलं की या घरांत रोज कॉलेजांचा विषय निघतो. कम्युनिटी कॉलेजचं नाव मात्र जरा आवाज खाली आणूनच घेतलं जातं. गणपतीच्या जेवणात एखादी मावशी विचारतेच, "म्हणजे कुठेच नंबर लागला नाही का त्याचा?" या संकोचाचा खरा तोटा पुढे होतो. ज्या कॉलेजात शिकतो तिथलं नाव सांगायचीच लाज वाटत असेल, तर तिथे मदत मागायची त्याहून जास्त वाटते. आणि या कॉलेजांची मोठी ताकद त्या मदतीतच आहे.

"हुशार मुलं तिथे जात नाहीत"

अमेरिकेतलं पहिलं सरकारी ज्युनियर कॉलेज, म्हणजे आजच्या भाषेत दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज, १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट इथे सुरू झालं. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. प्रवेश सगळ्यांना खुला, म्हणून दर्जा कमी, असं आपण धरून चालतो. पण खुलं आहे ते दार; आतला अभ्यास विद्यापीठाच्या तोडीचा असतो, म्हणून तर तिथलं कॅल्क्युलस आणि रसायनशास्त्र पुढे धरलं जातं. राज्यातल्या रहिवाशाला सेमिस्टरच्या एका युनिटला ४६ डॉलर पडतात. दोन वर्षांचे युनिट पूर्ण करून विद्यार्थी थेट विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जातो. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीतून पदवी घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे याच वाटेने आलेले असतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा कॅम्पसमध्ये ठरलेले विषय आणि गुण मिळवले, तर जागेची हमीसुद्धा मिळते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो या योजनेत नाहीत. हमीचा अर्ज प्रवेशाच्या आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात भरावा लागतो, आणि कुठला विषय कुठे धरला जाईल हे काउन्सेलरसोबत बसून पहिल्याच सत्रात ठरवलेलं बरं. मित्राच्या सांगण्यावरून विषय निवडणारी मुलं सहा-सहा महिने गमावतात.

"ट्युटरिंग कच्च्या मुलांना"

हा समज सगळ्यात चिवट. कॉलेजच्या लर्निंग सेंटरमध्ये गणितापासून निबंधलेखनापर्यंत मदत मिळते आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. तरी आपली मुलं पहिल्या परीक्षेत आपटल्याशिवाय तिकडे फिरकत नाहीत. अनेक कॉलेजांत 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन' नावाची पद्धत आहे. ती १९७३ साली कॅन्सस सिटीतल्या मिसूरी विद्यापीठात डिअॅना मार्टिन यांनी सुरू केली. तिचा पायाच असा, की कच्चे विद्यार्थी शोधायचे नाहीत, अवघड विषय शोधायचे. ज्या विषयात नापास होणारे किंवा मधेच सोडून जाणारे जास्त, त्या सबंध वर्गाला ही सोय द्यायची.

म्हणजे घडतं काय? तो विषय आधी चांगल्या गुणांनी पार केलेला एक विद्यार्थी पुन्हा त्याच तासाला येऊन बसतो, सगळ्यांबरोबर टिपणं काढतो. मग आठवड्यातून ठरलेल्या वेळी सत्र घेतो. तिथे तो गणित सोडवून दाखवत नाही. एकाच्या हातात खडू देतो, दुसऱ्याला विचारतो, "ही पायरी इथे का आली?" आणि गप्प राहतो. ए ग्रेड मिळवणारी मुलंही तिथे येतात, कारण दुसऱ्याला समजावताना आपलं कुठे अडतं ते तिथेच कळतं. आपल्या घरांत दहावी-बारावीला क्लास लावण्यात कुणाला कधी कमीपणा वाटला नाही. मग फीमध्येच मिळणारी ही मदत घ्यायला का वाटावा?

"शाळेतली सवलत कॉलेजात आपोआप चालू राहते"

इथे मी जरा थांबणार आहे, कारण या एका गैरसमजापायी होणारं नुकसान मोठं असतं. डिस्लेक्सिया, एडीएचडी, ऐकू कमी येणं, अशा कारणांनी शाळेत मुलाची 'आयईपी' योजना असते. ती आखणं आणि राबवणं ही शाळेची जबाबदारी. शाळेतच मुलाची तपासणी होते, सभा भरते, आईवडील सह्या करतात. हायस्कूल संपलं की ही योजना संपते. कॉलेजला दुसरे कायदे लागू होतात: १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ आणि १९९० चा अपंगत्वविषयक कायदा. त्यांनी हक्क दिलेला आहे, पण तो मागायला विद्यार्थ्याने स्वतः पुढे यायचं असतं. कॉलेज शोधत येत नाही.

त्यासाठीचा विभाग बहुतेक ठिकाणी डीएसपीएस नावाने ओळखला जातो. विद्यार्थी तिथे कागदपत्रं घेऊन जातो, समुपदेशकाशी बोलतो, आणि परीक्षेला जादा वेळ, शांत खोली, टिपणांसाठी मदत, यांतलं काय लागेल ते ठरतं. मग प्राध्यापकांना पत्र जातं. त्या पत्रात आजाराचं नाव नसतं. 'या विद्यार्थ्याला परीक्षेला दीडपट वेळ द्यावा' एवढंच असतं. गुणपत्रिकेवर त्याचा उल्लेख येत नाही, त्यामुळे पुढच्या विद्यापीठाला ती पाहून काही कळत नाही. "नाव लागेल" ही आईवडिलांची भीती मी समजू शकतो, पण ती निराधार आहे. दुसरी गोष्ट, सवलत मंजूर होते त्या दिवसापासून पुढे लागू होते. ऑक्टोबरात बिघडलेला पेपर नोव्हेंबरातल्या पत्राने दुरुस्त होत नाही. म्हणून हे काम वर्ग सुरू होण्याआधी उरकायचं.

"फी आम्ही भरतो, तर गुण आम्हाला कळवा"

अमेरिकेत १९७४ पासून फर्पा हा कायदा आहे. उच्चशिक्षणात पाऊल टाकलं की विद्यार्थ्याच्या नोंदींवरचा हक्क आईवडिलांकडून विद्यार्थ्याकडे जातो. वय अठराच्या आत असलं तरी हेच. हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा एखादा विषय घेणाऱ्या मुलाच्या कॉलेजातल्या नोंदींनाही हेच लागू. तेव्हा आईने फोन केल्यावर खिडकीवरची व्यक्ती "सांगता येणार नाही" म्हणाली, तर तो उद्धटपणा नव्हे. मुलाने लेखी संमती दिली तर माहिती मिळू शकते. त्याहून चांगलं म्हणजे मुलालाच फोन करू द्यावा.

"पँट्रीत जाणं म्हणजे हात पसरणं"

भाडं देऊन हातात काही उरत नाही अशी अवस्था या भागात चांगल्या शिकलेल्या घरातल्या मुलांचीही होते. २०२१ च्या कायद्याने कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक कम्युनिटी कॉलेजला मूलभूत गरजांचं केंद्र उघडणं आणि त्यासाठी माणूस नेमणं बंधनकारक केलं. तिथल्या पँट्रीतून, म्हणजे फुकट धान्य-किराण्याच्या खोलीतून, तांदूळ, डबाबंद राजमा, ओट्स, अंडी घ्यायला बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याचं ओळखपत्र पुरतं. हेच केंद्र घरभाड्याच्या अडचणीत कुठे जायचं तेही सांगतं. भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना कॅलफ्रेश ही सरकारी अन्नमदत मिळत नाही. पँट्री ही कॉलेजची स्वतःची सोय आहे आणि तिचा दरवाजा त्यांनाही सहसा उघडा असतो. उपाशी पोटी लॅबला जाण्यात कसलाही स्वाभिमान नाही.

"कार्यक्रम म्हणजे वेळ घालवणं"

सत्राच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मधल्या चौकात छत्र्या आणि टेबलं लागतात. तो क्लब डे. रोबोटिक्सपासून नृत्यापर्यंतचे गट तिथे नावं नोंदवून घेतात. सगळे रोज गाडीने येऊन-जाऊन शिकणारे, वसतिगृह बहुतेक ठिकाणी नाहीच. अशा कॉलेजात ओळखी होण्याची ही जवळजवळ एकमेव जागा आहे. शरद सत्रातल्या ट्रान्स्फर डेला विद्यापीठांचे प्रतिनिधी टेबल मांडून बसतात. अर्ज वाचणाऱ्या कार्यालयातल्या माणसाला समोर बसून "माझा हा विषय तुमच्याकडे धरला जाईल का?" असं विचारता येतं.

राहिला व्हिसाचा मुद्दा. नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर आलेल्या कितीतरी मराठी बायका "आपल्याला शिकता येत नाही" असं समजून घरी बसतात. शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही, आणि राज्यात वर्षभराहून अधिक काळ राहत असल्याचं दाखवता आलं तर रहिवाशाच्या दराने फी लागू शकते. एफ-१ वाल्यांना तो दर नाही. त्यांना सत्रात किमान १२ युनिट घ्यावे लागतात, कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. आजारपण आलं, विषय झेपेना झाला, तर तो सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयातून परवानगी घ्यायची. विषय सोडून मग तिथे गेलं, तर व्हिसाच धोक्यात येतो.