शेताच्या आवारातील कामांसाठी ट्रॅक्टर की स्किड स्टीअर?

ट्रॅक्टर आता महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत नवलाचा राहिलेला नाही. परंतु मोठे मुक्त संचार गोठे आणि कुक्कुटपालनाच्या लांबच लांब शेड उभ्या राहू लागल्यापासून दुसरे एक यंत्र शेतकऱ्यांच्या नजरेस पडू लागले आहे. पुढे बकेट, चालकाच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेले दोन लोखंडी बाहू, मध्ये पिंजऱ्यासारखी बैठक आणि जागच्या जागी गर्रकन फिरण्याची किमया, असे त्याचे रूप आहे. त्यास स्किड स्टीअर लोडर म्हणतात. बांधकामावरील माणसे त्यास बॉबकॅट या नावाने ओळखतात. हे यंत्र काम करताना पाहिलेला शेतकरी सहजच विचारतो की, ट्रॅक्टरऐवजी हेच घेतले तर काय हरकत आहे? यंत्राची किंमत लाखांत असते आणि ती बहुधा कर्ज काढून द्यावयाची असते. तेव्हा याचे उत्तर यंत्राच्या चपळाईवरून न देता, कामाच्या स्वरूपावरून आणि वर्षाकाठी भरणाऱ्या तासांवरून द्यावयास हवे.

ओढणारे यंत्र आणि उचलणारे यंत्र

ट्रॅक्टर हा बैलाच्या जागी आलेला आहे. त्याचे मुख्य काम ओढण्याचे. मागची चाके मोठी, वजनाचा बराचसा भार त्यांवर आणि अवजार मागे जोडलेले, अशी त्याची घडण असते. हॅरी फर्ग्युसन याने प्रचारात आणलेल्या तीन बिंदूंच्या जोडणीमुळे नांगर, फण किंवा रोटाव्हेटर बसल्या जागेवरून वर-खाली करता येतो, तर मिनिटास ५४० फेरे घेणाऱ्या पीटीओ दांड्यावर मळणी यंत्र, फवारणी पंप व कडबा कुट्टी चालविता येते. ट्रेलर जोडला की हाच ट्रॅक्टर ऊस कारखान्यावर आणि कांदा बाजारात पोहोचवितो.

स्किड स्टीअरचा जन्म मात्र शेडमध्ये झाला. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात रॉथसे या गावाजवळ लुई व सिरिल केलर या दोघा भावांचा यंत्रदुरुस्तीचा कारखाना होता. तेथील टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याची अडचण अशी होती की, दुमजली शेडमधील खांबांच्या दाटीत ट्रॅक्टर वळत नसे आणि वरच्या मजल्यास त्याचे वजनही पेलत नसे. केलर बंधूंनी १९५७ साली त्याच्यासाठी तीन चाकांचा, हलका व जागेवर फिरणारा लोडर तयार केला. पुढे मेलरो या कंपनीने तो बनविण्याचे हक्क घेतले, १९६० साली त्यास चौथे चाक बसले आणि १९६२ पासून बॉबकॅट हे नाव रूढ झाले. विष्ठा व गादी उचलून अरुंद जागेतून बाहेर नेणे हे या यंत्राचे मूळ काम आहे. बाकीची कामे त्यास मागाहून चिकटली.

त्याच्या वळण्याची रीत समजून घेतली म्हणजे गुण आणि दोष दोन्ही कळतात. या यंत्राची चाके ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांप्रमाणे डावी-उजवीकडे वळत नाहीत. डाव्या बाजूची दोन चाके एकत्र फिरतात, उजव्या बाजूची दोन एकत्र. एका बाजूची गती वाढविली व दुसरीची कमी केली किंवा उलटी केली, की यंत्र स्वतःच्याच लांबीत फिरते. अर्थातच अशा वेळी चाके जमिनीवर आडवी घासली जातात. सिमेंटच्या फरशीवर यामुळे फार तर टायर लवकर झिजतात. ओल्या काळ्या जमिनीत मात्र प्रत्येक वळणाला माती उकरली जाते आणि चाकाखाली खड्डा पडतो. पोटाखालची मोकळी जागा ट्रॅक्टरहून पुष्कळ कमी असल्यामुळे ते चिखलात टेकतेही लवकर. शिवाय मागे अवजार ओढण्याची सोय त्यास नसते. त्यावरील खड्डे घेण्याचे गिरमिट, झाडू, काटा इत्यादी जोडावयाची साधने पुढच्या बाजूस बसतात आणि तेलाच्या दाबावर चालतात. पेरणी, कोळपणी, वाहतूक यांपैकी कशासही ते उपयोगी नाही. ज्या शेतकऱ्याकडे जमीन आहे पण ट्रॅक्टर नाही, त्याने स्किड स्टीअरचा विचार करण्याचे कारण नाही.

आवारात ट्रॅक्टर कोठे अडतो

खरा प्रश्न आहे तो ज्याची बरीचशी कामे गोठा, शेड, मुरघासाचा खड्डा आणि उकिरडा यांच्या परिघात चालतात त्याचा. पुढे लोडर बसविलेला ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर बकेटसह सुमारे ५ मीटर लांब होतो. सुमारे ९ मीटर रुंदीच्या शेडमध्ये त्याला वळविण्यास तीन-चार वेळा मागे-पुढे व्हावे लागते, आणि मध्ये खांब किंवा गव्हाणी असतील तर तेही जमत नाही. लहान स्किड स्टीअर सुमारे दीड ते पावणेदोन मीटर रुंद व दोन मीटर उंच असते. ते दारातून सरळ आत जाते, बकेट भरते, जागेवर फिरते आणि बाहेर पडते.

ट्रॅक्टरला लोडर जोडणे हा मधला मार्ग बऱ्याच शेतकऱ्यांस परवडतो, परंतु त्यात एक गोष्ट विसरली जाते. बकेट भरली की भार पुढच्या धुरीवर येतो आणि मागची चाके हलकी होतात. दोन चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची धुरी असल्या ओझ्यासाठी घडविलेली नसते. मागे वजन जोडल्यावाचून लोडर चालविल्यास ट्रॅक्टर घसरतो, ब्रेक नीट लागत नाहीत आणि पुढचे बेअरिंग लवकर जाते. लोडर विकणारा ही वजनाची गोष्ट आपण होऊन सांगेलच असे नाही. ती विचारून घ्यावी.

काही कामांस मात्र ही दोन्ही यंत्रे अपुरी आहेत. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल, दीडास एक उताराचे शेततळे घेतले तर खोदाई १,९७१ घनमीटर भरते. स्किड स्टीअरची बकेट सुमारे ०.४ घनमीटरची धरली तर त्या मातीच्या जवळजवळ ४,९०० खेपा होतात, आणि खोदलेली माती फुगते ती वेगळीच. असल्या कामास पोकलेन किंवा जेसीबी तासावर आणणेच योग्य.

तासांचा हिशेब

यंत्र उभे असले तरी त्याची किंमत झिजत असते आणि व्याज चढत असते. समजा, यंत्र दहा वर्षे वापरले आणि शेवटी एक दशांश किंमत आली, तर दरवर्षी ९ टक्के घसारा होतो. त्यात सरासरी गुंतवणुकीवरील व्याज मिळविले म्हणजे स्थिर खर्च किमतीच्या सुमारे १५ टक्के पडतो. उदाहरणादाखल ८ लाखांचा ट्रॅक्टर आणि २० लाखांचे स्किड स्टीअर धरू. ट्रॅक्टरचा स्थिर खर्च वर्षास १ लाख २० हजार, स्किड स्टीअरचा ३ लाख. नांगरट, मळणी, वाहतूक मिळून ट्रॅक्टर वर्षात ६०० तास चालला तर तासास २०० रुपये पडतात. यात डिझेल, चालक व दुरुस्ती धरलेली नाही.

आता स्किड स्टीअरचे तास मोजू. ५,००० मांसल कोंबड्यांच्या एका तुकडीमागे भाताच्या तुसासह सुमारे सहा टन गादी निघते. गादी हलकी असल्याने एका बकेटीत सुमारे २०० किलो बसते, म्हणजे तीस खेपा. एका खेपेस तीन मिनिटे धरली तर दीड तासात शेड रिकामी. वर्षास सहा तुकड्या घेतल्या तरी नऊ तास, सांडलवंड व साफसफाई धरून फार तर वीस! म्हणजे ज्या कामासाठी हे यंत्र जन्मास आले, त्याच कामासाठी एका शेडच्या मालकाने ते विकत घेतल्यास तासास पंधरा हजार रुपये पडतील.

गोठ्याचे गणित थोडे निराळे आहे, कारण शेण रोज पडते. साठ जनावरांचे, जनावरामागे सुमारे १५ किलो धरून, रोज ९०० किलो शेण होते. ते सरकवून गोळा करून टाकण्यास अर्धा तास लागतो. वर्षाचे सुमारे १८० तास. त्याच यंत्राने मुरघास काढणे, चारा वाटणे, खताचा ढीग हलविणे असे आणखी तासभर काम रोज असेल तर तास साडेपाचशेच्या जवळ जातात आणि तासाचा स्थिर खर्च साडेपाचशे रुपयांवर येतो. मजुरांच्या टंचाईच्या गावी हा आकडा विचारात घेण्याजोगा आहे. किमती आपल्या भागातील घ्याव्यात, पण तास मात्र स्वतःच्या वहीत महिनाभर टिपून मगच धरावेत. अंदाजाने सांगितलेले तास नेहमी जास्त असतात.

करातही फरक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. लोडर जातीच्या यंत्रांस मात्र १८ टक्के दर लागतो. ट्रॅक्टर व अवजारांच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो. स्किड स्टीअरलाही ते मिळेल असे गृहीत धरून सौदा करू नये, आधी कृषी कार्यालयात चौकशी करावी. महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारण क्षेत्र २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर होते. एवढ्या जमिनीवर ट्रॅक्टरचाच बोजा जड होतो. त्यावर दुसऱ्या यंत्राचे कर्ज चढविणे म्हणजे जमीन यंत्राकडे गहाण टाकण्यासारखे आहे. आठ-दहा शेडमालकांनी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने मिळून एक यंत्र ठेवणे अधिक शहाणपणाचे.

चालविताना

यंत्राची क्षमता विचारताना विक्रेता जो आकडा सांगतो, तो कोणता हे नीट समजून घ्यावे. चाकांच्या स्किड स्टीअरची चालविण्याची मान्य क्षमता ही ते पुढे कलंडण्याच्या भाराच्या निम्मी असते. ७०० किलो क्षमतेचे यंत्र १,४०० किलोला मागची चाके उचलते. रिकामे असताना त्याचे वजन मागे असते, बकेट भरली की पुढे जाते. म्हणून उतारावर जड बाजू नेहमी चढाकडे ठेवावी: रिकामे यंत्र चढताना मागे मागे न्यावे, भरलेले सरळ न्यावे, उतरताना याच्या उलट. बकेट जमिनीलगत ठेवावी.

याहून मोठा धोका बाहूंचा आहे. चालकाला पुढून, बकेटवरून चढून बसावे लागते. बाहू वर असताना उतरणारा किंवा बाहूंखाली वाकून दुरुस्ती करणारा माणूस बाहू व सांगाडा यांमध्ये चिरडला जातो. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९९८ साली अशा मृत्यूंबद्दल खास इशारा प्रसिद्ध केला होता. बाहू खाली टेकविल्याशिवाय, इंजिन बंद केल्याशिवाय उतरू नये. बाहू वर ठेवणे भागच असेल तर यंत्रासोबत येणारा आधार लावावा. बैठकीची दांडी व पट्टा दोरीने बांधून निकामी करण्याची खोड काही चालकांना असते. अशा चालकास शेडमध्ये येऊ देऊ नये. ट्रॅक्टरच्या बाबतीत हेच पीटीओ दांड्यावरील झाकणाविषयी म्हणता येईल. बंद शेडमध्ये कोणतेही डिझेल यंत्र चालविताना पडदे पूर्ण उघडावेत.

भाड्याचे यंत्र आणि मानमोडी

यंत्र भाड्याने आणण्याचा सल्ला देताना गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक इशारा अवश्य द्यावा. आज या शेडमध्ये आणि उद्या शेजारच्या शेडमध्ये जाणारे यंत्र टायरच्या खाचांतून व बकेटीच्या कोपऱ्यांतून विष्ठा नेते, आणि विष्ठेबरोबर मानमोडी म्हणजेच राणीखेत रोगाचा विषाणूही जाऊ शकतो. ज्या शेडमध्ये मरतूक झाली आहे तेथून यंत्र थेट आणू नये. आवाराच्या फाटकाबाहेरच टायर, बकेट व यंत्राचे पोट जोराच्या पाण्याने धुवून घाण पूर्ण काढावी, कारण घाणीवर मारलेले जंतुनाशक काम करीत नाही. मग जंतुनाशक फवारून ते वाळू द्यावे. चालकाची पादत्राणेही बदलावीत. धुतलेले पाणी शेडकडे न येता उताराच्या बाजूस दूर जाईल असा चर आधीच काढून ठेवावा.