अमरावती ते अकोला, सायकलने

जून 2022 मध्ये आपला अमरावती–अकोला रस्ता गिनीज बुकात गेला. 75 किलोमीटरच्या एका लेनचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत सलग झाले. आधीचा विक्रम कतारचा होता. वऱ्हाडातल्या जूनच्या उन्हात रात्रंदिवस डांबर ओतणारे मजूर आठवले, की या रस्त्यावर सायकल चालवताना दमलो म्हणायची लाज वाटते.

आम्ही काही शिक्षक फजरची नमाज झाली, की सायकली काढतो. चाळिशी ओलांडली की घरोघरी कुणाला साखर, कुणाला रक्तदाब. डॉक्टर ‘व्यायाम करा’ म्हणतात, पण किती, हे आपल्यालाच ठरवावे लागते. त्यासाठी आकडा हवा. आमचा पहिला आकडा बडनेरा होता, येऊन-जाऊन वीसेक किलोमीटर. मग लोणी, मग मूर्तिजापूर. आठवड्याला एकूण अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचे नाही, हा सायकलवाल्यांचा जुना ठोकताळा. थोडे पण नियमित केलेले अमल अल्लाहला प्रिय, ही हदीस आपण मुलांना शिकवतोच. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे आणि खिशात खजूर ठेवावी. रमजानात आकडा वाढवायचा नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत घरी.

वाऱ्याचाही हिशेब ठेवावा. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून येतो, म्हणजे अकोल्याकडे जाताना तोंडावर. जाताना दम राखला, तर परतताना तोच वारा पाठीशी असतो.

अकोला साधारण शंभर किलोमीटर. इथे एक गमतीचा मसला निघतो. आपल्याकडचे बहुतेक हनफी उलमा शहराच्या हद्दीपासून सुमारे 78 किलोमीटरच्या प्रवासाला निघालेल्याला मुसाफिर मानतात, काही 92 धरतात. पहिल्या हिशेबाने अकोल्याला पोचलेला सायकलस्वार जोहरच्या चार फर्जऐवजी दोन पढतो. स्थानिक इमामामागे उभा राहिला, तर पूर्ण चार. निघण्यापूर्वी आपल्या मस्जिदीच्या मौलानांना विचारून घ्यावे. पायांच्या ताकदीवर मुसाफिर होण्याची मजा मोटारीत नाही.

आणि घरातल्या बायका? मानव विकास कार्यक्रमातून अनेक तालुक्यांत मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. बारावी झाली की तीच सायकल अंगणात गंजते. ‘लोक काय म्हणतील’ हा दीनचा मसला नाही, मोहल्ल्याचा आहे. प्रेषितांनी (सल्ल.) हजरत आयेशा (रजि.) यांच्यासोबत धावण्याची शर्यत लावली होती, हे हदीसमध्ये आहे. ढिला सलवार-कुर्ता, पिनने नीट बसवलेला हिजाब, चेनवर गार्ड आणि सोबतीला भाऊ, नवरा किंवा मैत्रिणी, एवढ्यात काम भागते. हायवे कशाला, रहाटगावपर्यंतचा आकडाही आकडाच.

आता आमच्यात पुढच्या आकड्याची चर्चा आहे. अकोला जाऊन-येऊन सुमारे 200 किलोमीटर होतात. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे सायकलिंगमध्ये 200 साठी 13 तास 30 मिनिटे मिळतात. डिसेंबरात वऱ्हाडातला दिवस जेमतेम 11 तासांचा, शिवाय जोहर-असरचे थांबे आणि बोरगाव मंजूचा चहा. म्हणजे मगरिब वाटेतच, आणि पुढे ट्रकांच्या रांगेत अंधार. तेव्हा मागचे लाल दिवे आणि चमकणारी जाकिटे आधी, तारीख नंतर, असे ठरले आहे.