पाठ फळविण्यायोग्य झाली हे कसे ओळखावे?

पाठ पहिल्यांदा माजावर आली की ती फळविण्यायोग्य झाली, असा समज अनेक शेळीपालकांत आढळतो. उस्मानाबादी पाठी साधारणतः सात-आठ महिन्यांच्या झाल्या की माज दाखवू लागतात. नुसत्या चराईवर वाढलेल्या पाठीचे वजन त्या वेळी जेमतेम १४-१५ किलो भरते. बोकड लागला तर ती गाभण राहतेही. अडचण पुढे येते. तिचे स्वतःचे अंग अजून भरायचे असते आणि पोटातील करडूही वाढायचे असते; कमी चाऱ्यात दोघांचेही भागत नाही. कंबर अरुंद असल्याने वेत अडण्याची भीती असते, करडू अशक्त जन्मते, कासेत त्याला पुरेल एवढे दूध नसते. शेळी वाचली तरी बहुधा खुजी राहते आणि व्याल्यानंतर पुन्हा माजावर यायला उशीर लावते.

माजावर येणे आणि पैदाशीस योग्य होणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. ज्वारी पोटरीत आली की नाही, हे आपण पेरणीची तारीख मोजून नव्हे तर ताट पाहून ठरवितो. जमीन हलकी असेल, पाऊस ओढला असेल, तर तारीख उलटली तरी पीक मागेच असते. पाठीचेही तसेच आहे.

वजन हेच मुख्य माप

पूर्ण वाढलेल्या शेळीच्या वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश वजन झाल्याशिवाय पाठ फळवू नये. उस्मानाबादी शेळी (जिल्ह्याचे नाव २०२३ पासून धाराशिव झाले, जातीचे तेच राहिले) पूर्ण वाढल्यावर साधारण ३२ ते ३५ किलोची होते. म्हणजे पाठ किमान २२ किलोची हवी. २४ किलो झाली तर उत्तम. इतर जातींसाठी आपल्याच कळपातील दोन-तीन वेते झालेल्या, गाभण नसलेल्या चार-पाच शेळ्या तोलाव्यात आणि त्यावरून हिशेब करावा. मात्र सगळा कळपच खुजा असेल तर मापही खुजे निघेल, हे ध्यानात ठेवावे.

वजन सकाळी, चरायला सोडण्यापूर्वी करावे. गोणपाटाची झोळी करून ताणकाट्याला अडकविली की काम होते. काटा नसेल तर शिंप्याची टेप घ्यावी. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचात मोजावी. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. उदाहरणार्थ, घेर २५ इंच व लांबी २४ इंच असेल तर २५ × २५ × २४ म्हणजे १५,०००. त्याला ६६० ने भागले की सुमारे २२.७ किलो येतात. हे वजन अंदाजी असते. पाठ सरळ उभी नसेल किंवा पोट भरलेले असेल तर त्यात फरक पडतो.

दात काय सांगतात?

बाजारात पाठ घेताना दात पाहण्याची आपली पद्धत चांगली आहे. पण दात फक्त वय सांगतात. शेळीच्या वरच्या जबड्याला पुढे दात नसतात, खालच्या जबड्यात दुधाचे आठ असतात. मधले दोन पडून कायमचे रुंद दात सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास येतात. पुढे दोन वर्षांच्या आसपास चार दात होतात आणि साधारण तीन वर्षांच्या पुढे तोंड पूर्ण जुळते. थोडक्यात, आठ महिन्यांची पाठ आणि तेरा महिन्यांची पाठ दोन्ही अदातच दिसतात. म्हणून दात आणि वजन एकत्र वाचावे. अदात असून २२ किलोची पाठ मिळाली तर ती चांगली वाढलेली समजावी. दोन दाती असून १७-१८ किलोचीच असेल तर तिची वाढ कुठेतरी खुंटली आहे. विकणारा तिला ‘कोवळी’ म्हणेल. पैदाशीसाठी ती घेऊ नये.

वजनाबरोबर अंगही चाचपावे. कमरेवर हात फिरविला असता मणक्यांची टोके टोचू नयेत, तशीच ती चरबीखाली पार दडलेलीही नसावीत. फार माजलेली पाठ गाभण राहण्यास त्रास देते.

तीन महिन्यांची, दूध तुटलेली पाठ ९ किलोची धरली तर २२ किलो गाठण्यास तिला १३ किलो वाढायचे आहे. रोज ६० ग्रॅम वाढ मिळाली तर हे वजन दहा महिन्यांच्या वयात होते. रोजची वाढ ४० ग्रॅमच असेल तर चौदा महिने लागतात. हा चार महिन्यांचा फरक सुबाभूळ, शेवरी किंवा लसूणघासाचा हिरवा चारा, रोज शे-दीडशे ग्रॅम खुराक आणि वेळेवर दिलेले जंताचे औषध यांनी भरून निघतो. दर महिन्याला वजन करून वहीत लिहिले तर कोणती पाठ मागे पडते ते लगेच दिसते.

नर वेगळे करा

एवढे सगळे पाळूनही घात होतो तो कळपातल्या नर करडांमुळे. ती तीन-चार महिन्यांची झाली की उड्या मारू लागतात, आणि चौथ्या महिन्यानंतर त्यांच्यापासून पाठी गाभण राहू शकतात. त्याआधीच नर वेगळे करावेत किंवा खच्ची करून घ्यावेत. चराईत वेगळे ठेवणे जमत नसेल तर मोठ्या बोकडाच्या पोटाखाली गोणपाटाचे फडके बांधावे. पैदाशीसाठी ठेवायच्या नराचे दोन्ही वृषण सारखे, घट्ट आणि पूर्ण उतरलेले असावेत; एकच उतरलेला नर बाजूला काढावा. वर्षाचा झाल्यावर त्याचा बेताने वापर करावा, पूर्ण कामाला दीड वर्षानंतर लावावा. दोन वर्षांनी तो बदलावा, कारण तोवर त्याच्याच पाठी फळविण्यास येतात.

वजन भरलेली पाठ माजावर आली की सतत ओरडते, शेपटी हलविते, चारा कमी खाते व निरणातून चिकट स्राव येतो. माज दिसल्यापासून बारा तासांनी एकदा आणि पुन्हा बारा तासांनी दुसऱ्यांदा बोकड दाखवावा. गाभ राहिला नाही तर साधारण २१ दिवसांनी माज परत येतो. शेळी पाच महिन्यांनी विते, हे लक्षात घेऊन महिना निवडावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळविलेल्या पाठीची करडे ऐन पावसात, ओल्या गोठ्यात जन्मतात. तेव्हा २२ किलोची पाठ फेब्रुवारीत माजावर आली तरी तो माज सोडून द्यावा आणि ती जून-जुलैमध्ये फळवावी.