शब्दकोड्यातला अर्जुन

मराठी शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर बसते, तेही काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षराला एकच घर आणि अनुस्वाराला वेगळी जागा नाही. म्हणून ‘कृष्ण’ दोन घरांत मावतो, ‘लक्ष्मण’ तिनांत.

नावांची खरी चंगळ महाभारतात. ‘अर्जुन’ असे सूत्र आले की आधी घरे मोजावीत. दोन असतील तर पार्थ किंवा जिष्णू. तीन असतील तर कौंतेय, किरीटी, विजय, फाल्गुन. चार असतील तर धनंजय, सव्यसाची, गुडाकेश. ‘कर्णाची आई’ हे त्याहून बेरकी सूत्र. जन्मदाती कुंती आणि सांभाळणारी राधा, दोघीही दोन अक्षरी! इथे निकाल उभा शब्दच लावतो.

‘उलटून’ किंवा ‘फिरून’ दिसले, तर नाव मागून वाचावे: लताचा ताल होतो, रमाचा मार, राधाची धारा. मात्रा मात्र आपल्या अक्षराबरोबरच फिरते.

छापील शब्दकोड्याची सुरुवात आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये केली. तिथे प्रत्येक रोमन अक्षराला स्वतंत्र घर असते. आपल्याकडे ‘पा’शी ‘पा’च जुळावा लागतो, ‘प’ चालत नाही. तेव्हा अर्जुन आधी पेन्सिलीनेच लिहा.