मुरलीपुऱ्यात खोली घेताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आयुर्वेदात एमडी करायला किंवा पीएचडीसाठी जयपूरला निघालेल्या मराठी मुलामुलींना एक सल्ला हमखास मिळतो: मुरलीपुऱ्यात खोली बघ, तिकडे स्वस्त आहे. सल्ला खोटा नाही. सी-स्कीम, बापूनगर किंवा मालवीय नगर यांच्या मानाने सीकर रस्त्याजवळच्या या वस्तीत भाडं कमी आहे. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र जवळ असल्यामुळे भाडेकरूंची ये-जा नेहमीची, त्यामुळे सुटी खोली, पीजी, मजल्याचा एखादा ‘पोर्शन’ असं सगळं मिळतं. पण या सल्ल्याबरोबर ज्या समजुती चालत येतात, त्या विद्यार्थ्याला महागात पडतात.

त्यातली सर्वांत मोठी समजूत म्हणजे भाडं कमी तर खर्च कमी. समजा, मुरलीपुऱ्यातली खोली कॉलेजजवळच्या खोलीपेक्षा महिन्याला 2000 रुपयांनी स्वस्त पडली, पण जाण्यायेण्यावर रोज 80 रुपये जास्त गेले. महिन्याच्या 25 दिवसांत ती बचत संपली, आणि रस्त्यात गेलेले तास वेगळेच. प्रयोगशाळेत उशिरापर्यंत थांबावं लागणाऱ्या किंवा रुग्णालयात रात्रपाळी असणाऱ्याला परतताना बस मिळेलच असं नाही. मग रिक्षा किंवा टॅक्सी करावी लागते आणि हिशेब आणखी बिघडतो.

म्हणून आधी आपली संस्था शहराच्या कोणत्या दिशेला आहे ते बघावं. मुरलीपुरा वायव्येला आहे. राजस्थान विद्यापीठ आणि एमएनआयटी दक्षिणेकडे जवाहरलाल नेहरू मार्गावर, एलएनएमआयआयटी पूर्वेला जामडोलीच्या बाजूला, आणि मणिपाल विद्यापीठ शहराबाहेर अजमेर रस्त्यावर दहमी कलांजवळ. यांपैकी एकही मुरलीपुऱ्याच्या शेजारी नाही. संस्थेची बस असेल तर ती नेमकी कुठे थांबते हे खोली बघण्याआधी विचारा.

राष्ट्रीय आयुर्वेद संस्थानाचा प्रश्न जरा वेगळा आहे. 1976 मध्ये स्थापन झालेली आणि 2020 मध्ये अभिमत विद्यापीठ झालेली ही संस्था आमेर रस्त्यावर, जोरावर सिंह गेटजवळ आहे. नकाशावर मुरलीपुरा आणि आमेर रस्ता जवळजवळ दिसतात. घरबसल्या खोली ठरवणारा विद्यार्थी नेमका इथेच फसतो, कारण दोन्हींच्या मध्ये नाहरगढचा डोंगर आहे. सरळ रेषेत जाता येत नाही. दक्षिणेकडून डोंगराला वळसा घालून, जुन्या शहराच्या कडेने किंवा त्याच्या बाजारांतून जावं लागतं. सवाई जयसिंगांनी 1727 मध्ये वसवलेल्या या शहराचे रस्ते त्या काळाच्या मानाने विलक्षण रुंद होते, पण आजच्या संध्याकाळच्या गर्दीला ते पुरत नाहीत. अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका. सकाळच्या ओपीडीच्या वेळेला किती मिनिटं लागतात ते विचारा.

‘जयपूरला मेट्रो आहे की!’ आहे, पण मुरलीपुऱ्यात नाही. मानसरोवर ते चांदपोल हा भाग 3 जून 2015 रोजी सुरू झाला आणि 2020 मध्ये ती बडी चौपडपर्यंत पोहोचली. स्थानकं एकूण अकरा. सीकर रस्त्याच्या बाजूला जाणारी मार्गिका योजनेत आहे, पण योजनेतल्या मेट्रोच्या भरवशावर आज खोली घेऊ नये. आज उपयोग होतो तो असा: सीकर रस्त्यावरून लो-फ्लोअर बसने सिंधी कॅम्प, तिथून मेट्रोने बडी चौपड, पुढे आमेर रस्त्याने ई-रिक्षा. पावसाळ्यात सीकर रस्त्यावर पाणी तुंबतं, तेव्हा हाही क्रम कोलमडतो.

भाडेकराराबाबत मराठी घरांत वेगळाच गैरसमज दिसतो: आपल्याकडचा नियम तिथेही चालतो. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. पण हा कायदा राजस्थानात चालत नाही. तिथे 2001 चा राजस्थान भाडे नियंत्रण कायदा आहे आणि भाड्याच्या तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. ‘किरायानामा’ लेखी हवाच. भाडं, अनामत, ती परत मिळण्याची मुदत, भाडेवाढ आणि सब-मीटरवरच्या विजेचा प्रति युनिट दर हे सगळं त्यात आलं पाहिजे. घरमालकाने पोलीस पडताळणीसाठी कागद मागितले तर त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

पीएचडीवाल्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. वसतिगृह नाकारून बाहेर राहिलं की घरभाडे भत्ता मिळतो, अशी समजूत सर्रास आहे. यूजीसीच्या नियमाप्रमाणे जेआरएफधारकाला संस्थेने वसतिगृह देऊ केलं आणि त्याने ते नाकारलं, तर भत्त्यावरचा हक्क जातो. शिवाय या भत्त्यासाठी जयपूर ‘वाय’ वर्गातलं शहर आहे; मुंबई-पुणे ‘एक्स’ वर्गात. पुण्यातल्या मित्राला मिळणारा आकडा धरून जयपूरचा हिशेब मांडू नका. वसतिगृहाच्या कागदावर नकाराची सही करण्याआधी विद्यापीठाच्या कार्यालयात जाऊन हा नियम विचारा.

पाण्याचं आणि स्वयंपाकाचंही तोंडावर विचारावं. जयपूरचं पिण्याचं पाणी मुख्यतः बनास नदीवरच्या बीसलपूर धरणातून येतं आणि नळाला ठरावीक वेळीच असतं, म्हणून टाकी केवढी आणि बोअर आहे का हे महत्त्वाचं. खोलीत अंडी-मटण चालणार नाही, अशी अट अनेक घरमालक घालतात. ती आधी कळलेली बरी.

मोबाइलवर फोटो बघून आगाऊ पैसे पाठवू नका. पहिले काही दिवस पीजीत किंवा ओळखीच्यांकडे काढा, कॉलेजच्या वेळेला त्या रस्त्याने एकदा स्वतः जाऊन या, आणि मगच मुरलीपुरा घ्यायचा की नाही ते ठरवा.