नांव झांकून पत राखण्याची युक्ति

विकणाऱ्याची नड घेणाऱ्यास कळली कीं भाव उतरतो, हें कास्तकार वाचकांस सांगावयास नको. काटोल-नरखेडकडील संत्र्याचा बगीचा ठोक विकावयाचा आहे, मालकाच्या कर्जाची मुदत मार्चअखेर संपते आणि घरांत लग्न ठरलें आहे, इतकें व्यापाऱ्यास समजलें म्हणजे तो बोली न वाढवितां आठ दिवस स्वस्थ बसतो. पूर्वीं ही बातमी काढावयास माणूस गांवोगांव फिरवावा लागे. आतां ती आपणच आपल्या हातानें लिहून देतों: बियाण्याच्या दुकानांत, ठिबकवाल्याकडे, कृषिप्रदर्शनाच्या मंडपांत, मोबाइलवर फुकट हवामान सांगणाऱ्या ॲपांत. सर्वत्र तेंच नांव, तोच मोबाइल क्रमांक, आणि कित्येकदां आधारची झेरॉक्सही.

आमचीं नोकरीचीं वर्षें महसूल खात्याच्या दप्तरांत गेलीं, म्हणून एक फरक येथें नमूद करतों. सातबाराचा उतारा पूर्वींही गुप्त नव्हता. तलाठ्याकडे जाऊन त्याची नक्कल मागतां येई. परंतु मागणारा समोर दिसे. दुसऱ्याच्या गटाची नक्कल मागावयास परगांवचा मनुष्य आला तर दिवेलागणीपर्यंत तें पारावर ठाऊक होई. पाहणाऱ्यावरही गांवाची नजर होती. आतां उतारा घरबसल्या संगणकावर पाहतां येतो, पण कोणी पाहिला हें जमीनवाल्यास कळत नाहीं. उघडेपणा तोच राहिला. तो एकतर्फी मात्र झाला.

सरकारी नोंदी असूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. नोंदीवांचून पीककर्जही नाहीं आणि नुकसानभरपाईही नाहीं. ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठीं आधारशीं जोडलेला शेतकरी ओळख क्रमांक लागूं लागला, ह्यांत सोयही आहे. भीति आहे ती निरनिराळ्या कपाटांस एकच किल्ली लागण्याची. जो क्रमांक सरकारास दिला तोच दहा दुकानदारांस दिला, तर हे तुकडे जोडावयास फारशी अक्कल लागत नाहीं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. पण कायद्याकडे मनुष्य बहुधा माहिती फुटल्यावरच धांवतो.

ह्या विद्येचे जाणकार निराळी वाट सांगतात. डेव्हिड चॉम ह्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानें १९८५ सालींच असें सुचविलें कीं, माणसानें प्रत्येक संस्थेशीं वेगळ्या टोपणनांवानें व्यवहार करावा. चोख व्यवहाराचा दाखला त्या नांवास मिळावा, आणि खरें नांव न उघडतां तो दुसरीकडे दाखवितां यावा. पुढें ह्यास आणखी एक विचार जोडला गेला. ही पत एकाच कचेरीच्या वहींत न राहतां अनेकांच्या वह्यांत वाटलेली असावी.

नांव लपविणाऱ्यावर विश्वास कोण ठेवील, अशी शंका सहज येते. मराठी वाचकानें तरी ती काढूं नये. मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रांत १८४८ पासून लोकहितवादी ह्या सहीनें पत्रें येऊं लागलीं. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकर होते. पत्रामागून पत्र येत गेलें तसें त्या सहीचें वजन वाढत गेलें, आणि तें लिहिणाराच्या हुद्द्यावर नव्हे, लिखाणावर उभें राहिलें.

पतीचा भाग हुंडींत अधिक स्पष्ट दिसतो. शाहजोग हुंडीचे पैसे वाटेल त्याला मिळत नसत. बाजारांत शाहा म्हणून ज्याची पत आहे अशाच्या हातींच ते दिले जात. हुंडी चोरीची वा बनावट निघाली तर त्या शाहाला रक्कम परत करावी लागे. शाहा कोण, ह्याची सरकारी यादी नव्हती. पेढीपेढीच्या चोपड्यांत आणि व्यापाऱ्यांच्या तोंडीं ती पत वाटलेली असे, म्हणून एका पेढीनें अदावत धरली तरी मनुष्य साऱ्या बाजारांतून उठत नसे. आजच्या सिबिलच्या आंकड्याशीं हें ताडून पाहावें. तेथें चुकीची नोंद गेली तर ती दुरुस्त होईपर्यंत, ज्या बँकेकडे जावें ती तोच आंकडा पुढें करते.

कापसाच्या गांठीचें उदाहरण तर आपल्या अंगणांतलें. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्यानें प्रत्येक गांठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणें सक्तीचें झालें. दूरच्या गिरणीवाल्यास कास्तकाराचें नांव ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. गांठींत पाणी किंवा हलका कापूस निघाला तर खुणेवरून प्रेस सांपडे. दोष शोधावयास खूण पुरली, घरदार सांगावें लागलें नाहीं.

ह्या युक्तींत दोष नाहींत असें नव्हे. संगणकावर नवें नांव घेण्यास कांहींच पडत नाहीं, त्यामुळें एकच लबाड शंभर नांवें घेऊन स्वतःचीच वाहवा करूं शकतो. ओळख पटविणारी मध्यवर्ती संस्था नसेल तर हा खेळ पुरता रोखणें व्यवहारांत जवळजवळ अशक्य आहे, असें जॉन डाउसर ह्यांनीं २००२ सालीं दाखविलें. ह्यावरील उतारा कोणताही जुना अडत्या सांगेल: नव्या माणसाशीं पहिला हंगाम रोखीनें आणि थोड्या मालावर काढावा. नांव बदलणारास दर वेळीं पहिल्या पायरीवर बसविलें म्हणजे नांव टाकणें महाग पडतें.

दुसरा दोष खेड्यांत अधिक. नांव झांकलें तरी ‘कळमेश्वरकडे सात एकर मोसंबी, दोन विहिरी, धाकटा भाऊ फौजेंत’ इतकें लिहिलें कीं गांवचें पोरही मालक सांगेल. बिटकॉइन ह्या संगणकी चलनाचा जनक सातोशी नाकामोतो ह्या टोपणनांवामागें २००८ पासून निःसंशय कोणास सांपडलेला नाहीं. पण तें चलन वापरणारे कित्येकजण उघडे पडले. त्याच्या चोपडींतील प्रत्येक देवघेव सर्वांस दिसते, आणि एका नोंदीचा धागा लागला कीं बाकीच्या उलगडतात.

काय झांकावयाचें, हेंही पाहिलें पाहिजे. जुन्या बाजारांत दलाल रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तोच अंधारांत राही. कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार निघाला, १८९७ सालीं वऱ्हाडास बाजाराचा कायदा मिळाला, आणि उघड लिलाव रूढ होण्यास पुढें बराच काळ जावा लागला. भाव, काटा आणि मालाची प्रत हीं उघडींच पाहिजेत. झांकावयाची ती विकणाऱ्याची नड.

आज हातीं असलेलीं साधनें थोडीं आहेत, पण आहेत. आधारचा मूळ क्रमांक न देतां सोळा अंकी आभासी क्रमांक २०१८ पासून काढतां येतो व बदलतांही येतो. शेवटचे चारच आंकडे दिसतील अशी आधारची प्रतही मिळते. यूपीआयचा पत्ता मोबाइल क्रमांकाचाच असला पाहिजे असें नाहीं; मात्र पैसे देणारास खात्यावरील नांव दिसतें. प्रदर्शनांत व ॲपांत देण्यास निराळें सिम ठेवणें बरें.

खरें काम सहकारी संस्था व उत्पादक कंपन्या करूं शकतील. सभासदास एक खूण द्यावी. पेटीवर ती खूण व तोडणीची तारीख असावी. त्या खुणेच्या किती पेट्या गेल्या व किती परत आल्या हें घेणारास दिसावें, नांव दिसूं नये. हा हिशेब संस्था, अडत्या आणि वाहतूकदार ह्या तिघांनीं निरनिराळा ठेवावा, म्हणजे एकानें खोडला तरी दोघांकडे मिळेल. खूण व नांव जोडणारी वही ही खरी जोखमीची वस्तु. ती चिटणीसाच्या मोबाइलमध्यें राहिली तर सर्व व्यर्थ. ती कुलुपांत असावी, दोन पंचांकडे दोन किल्ल्या असाव्यात, आणि तक्रारीवांचून ती उघडूं नये. बगीचा झाडावरच ठोक विकणारास ही सोय लागू पडत नाहीं. तेथें व्यापारी बांधावर येतोच. माल संस्थेच्या गोदामांत एकत्र करून शिक्के तेथेंच मारले तर एक खूण तीन हंगाम टिकावी, असा आमचा अदमास आहे.